प्रतिध्वनीची वाट : बाह्य ध्वनिपरिणाम-उपकरणे, घरगुती ध्वनिमुद्रण आणि मूळ आवाजाचा प्रश्न

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रण, प्रतिध्वनी, ऑडिओ इंटरफेस, सेंड-रिटर्न, लोकसंगीत, दस्तऐवजीकरण, नाशिक

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील नाशिकचे स्थान सर्वश्रुत आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित केला आणि त्यानंतर आपली चित्रनिर्मिती नाशिकला हलवली. पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या रूपाने नाशिक हे मूकपटनिर्मितीचे महत्त्वाचे केंद्र बनले. मात्र १९३१ साली मुंबईत ‘आलमआरा’ आणि १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला आणि चित्रपटाचे सारे गणित बदलले. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता; त्याला मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ हा बोलपट होता आणि तो १९३७ साली नाशिकच्या नव्हे, तर कोल्हापूर सिनेटोनच्या झेंड्याखाली तयार झाला. चित्राची कला ज्या गावात रुजली होती, त्या गावाला आवाजासाठी परगावाकडे पाहावे लागले.

या घटनेला सुमारे नऊ दशके लोटल्यानंतरचे चित्र अगदी वेगळे आहे. संगणक, हाताच्या पंजाएवढा ऑडिओ इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि एखादे जुने एको किंवा रिव्हर्ब यंत्र एवढ्या सामग्रीवर आज कोणत्याही शहरातील घरात ध्वनिमुद्रण करता येते. ऑडिओ इंटरफेस म्हणजे मायक्रोफोन वा वाद्याकडून आलेल्या विद्युत संकेताचे अंकांत रूपांतर करून तो संगणकाला देणारे, आणि संगणकातील अंकांचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करून स्पीकरकडे पाठवणारे उपकरण. या उपकरणाला बाहेरचे परिणाम-यंत्र जोडणे ही वरकरणी केवळ तारा जोडण्याची बाब वाटते. तथापि तिच्यामागे ध्वनिमुद्रणाचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेऊन एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. बाह्य परिणाम-उपकरणांचा इतिहास हा केवळ आवाज गोड करण्याच्या साधनांचा इतिहास नाही. मूळ आवाज आणि त्यावरील संस्कार यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या क्षमतेचा तो इतिहास आहे. ही क्षमता कोणाच्या हाती होती, ती केव्हा हरवली आणि आज ती घरापर्यंत पोहोचल्यावर तिचा उपयोग कसा व्हावा, हे प्रश्न संगीताइतकेच लोकसाहित्य, भाषा आणि इतिहास या विषयांच्या अभ्यासकांशीही निगडित आहेत.

यंत्रापूर्वीचा परिणाम : जागा आणि अंतर

ध्वनीवरील सर्वांत जुना परिणाम म्हणजे जागेचा. नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांमध्ये, ज्यांना लोकव्यवहारात पांडवलेणी म्हटले जाते, १८ क्रमांकाचे लेणे चैत्यगृह आहे. अशा दगडी, कमानदार छताच्या दालनात उच्चारलेला शब्द लगेच विरत नाही. भिंती आणि छतावरून परावर्तित होऊन तो काही काळ रेंगाळतो. मंदिराचा गाभारा, वाड्याचा चौक, विहिरीचा काठ यांचा अनुभवही असाच, पण प्रत्येकाचा वेगळा. ऐकणाऱ्याला आवाज कोठून येतो आहे, गाणारा जवळ आहे की दूर, जागा दगडाची आहे की लाकडाची, याची जाणीव या रेंगाळण्यातूनच होते. म्हणजे प्रतिध्वनी हा आवाजाचा केवळ अलंकार नसून स्थानाची साक्षही असतो.

आरंभीच्या ध्वनिमुद्रणाला ही साक्ष टिपता येत नव्हती. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात मुद्रणे केली, तेव्हा गायकाला धातूच्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. कर्ण्यात थेट शिरलेला आवाजच तबकडीवर उमटे. खोली जवळजवळ नाहीशी होई. १९२५ पासून मायक्रोफोनवर आधारित विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले आणि आवाजाभोवतीची जागाही मुद्रणात येऊ लागली.

मायक्रोफोनपासूनचे अंतर हाच मग एक परिणाम झाला. याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे १९४९ सालच्या ‘महल’ या चित्रपटातील लता मंगेशकर यांचे सुप्रसिद्ध गीत. खेमचंद प्रकाश यांनी संगीतबद्ध केलेल्या या गीताच्या आरंभी आवाज दुरून येत असल्याचा भास हवा होता. त्यासाठी लताबाईंनी मायक्रोफोनपासून दूर उभे राहून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या मायक्रोफोनजवळ आल्या, अशी आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. येथे परिणाम यंत्राने नव्हे, तर गायिकेच्या पावलांनी साधला. परंतु त्यातच या पद्धतीची मर्यादाही आहे. एकदा मुद्रित झालेले अंतर नंतर कमी किंवा जास्त करता येत नाही. गाणे आणि त्याचे अंतर एकाच पट्टीवर कायमचे एकजीव होतात.

खोली, पत्रा, फीत आणि पेटी

मूळ आवाज आणि परिणाम यांना वेगळे करण्याचा मार्ग सापडला तो खोलीलाच यंत्र बनवून. लंडनमधील अ‍ॅबी रोड येथे १९३१ साली सुरू झालेल्या ध्वनिमुद्रणगृहात प्रतिध्वनीसाठी स्वतंत्र खोली होती. शिकागो येथील बिल पटनम यांनी १९४७ साली हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या मुद्रणासाठी ध्वनिमुद्रणगृहाच्या स्नानगृहाचाच असा उपयोग केला. पद्धत साधी होती. मूळ आवाजाचा काही अंश तारेवाटे रिकाम्या खोलीतील स्पीकरकडे पाठवायचा, खोलीत घुमलेला आवाज तेथील मायक्रोफोनने टिपायचा आणि तो परत आणून मूळ आवाजात हव्या त्या प्रमाणात मिसळायचा. पाठवण्याच्या वाटेला ‘सेंड’ आणि परतीच्या वाटेला ‘रिटर्न’ असे नाव रूढ झाले. घरगुती इंटरफेसला बाह्य यंत्र जोडताना आजही हीच दोन नावे आणि हेच मंडल वापरले जाते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुढील प्रवास हा खोली आकाराने लहान करत जाण्याचा आहे. जर्मनीतील ईएमटी कंपनीने १९५७ साली आणलेल्या १४० क्रमांकाच्या यंत्रात सुमारे २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवलेला असे. त्याला आवाजाने कंपित करून ती कंपने पुन्हा उचलली जात. खोलीची जागा पत्र्याने घेतली, तरी या यंत्राचे वजन अडीचशे किलोहून अधिक असल्याने ते मोठ्या संस्थेलाच परवडणारे होते. स्प्रिंगवर आधारलेला रिव्हर्ब गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये १९६० च्या दशकात सर्रास दिसू लागला. चुंबकीय फितीवर आवाज मुद्रित करून क्षणभराने तो पुन्हा वाजवणारी टेप-एको यंत्रेही याच सुमारास प्रचारात आली. रोलँड कंपनीचे १९७४ चे ‘स्पेस एको’ हे त्यांपैकी सर्वाधिक ज्ञात होय. १९७६ साली ईएमटी २५० आणि १९७८ साली लेक्सिकन २२४ या यंत्रांनी प्रतिध्वनीचे गणित अंकांत मांडले. १९८५ चे यामाहा एसपीएक्स ९० आणि १९८६ चे अलेसिस मिडिव्हर्ब यांमुळे हे गणित सामान्य संगीतकाराला उचलून नेता येईल अशा पेटीत आले.

खोली, पत्रा, फीत आणि अंकीय पेटी या चारही अवस्थांत मूळ तत्त्व एकच राहिले. आवाज बाहेर पाठवायचा, संस्कार करून परत आणायचा आणि मूळ आवाज मात्र जागेवर अबाधित ठेवायचा.

केंद्रीकरण आणि कॅसेटचे युग

महाराष्ट्रात ही साधने प्रथम आली ती चित्रपटाच्या निमित्ताने, आणि ती मोजक्याच वास्तूंत एकवटली. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली मुंबईत परळ येथे सुरू केलेले राजकमल कलामंदिर हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील ध्वनिसंमिश्रक मंगेश देसाई यांच्या कौशल्याची ख्याती एवढी होती, की सत्यजित राय यांच्यासारखे कलकत्त्यातील दिग्दर्शकही आपल्या चित्रपटांचे अंतिम ध्वनिसंमिश्रण त्यांच्याकडून करून घेत. कलकत्त्याची ही स्थिती, तर नाशिक, धुळे, जळगाव येथील कलावंतांची स्थिती काय असणार, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गाणे गावचे असले, तरी त्याच्याभोवतीची जागा कशी असावी हे मुंबईत ठरे.

शिवाय हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांचे मुद्रण दीर्घकाळ गायक आणि वादकवृंद यांना एकाच वेळी बसवून होत असे. आवाज आणि वाद्ये एकत्रच फितीवर उतरत. परिणामी परिणाम-यंत्र बाहेरचे असूनही अंतिम फितीवर मूळ आणि संस्कार यांची फारकत उरत नसे. त्या काळी ही उणीव कोणाला जाणवली नाही, कारण फितीचा उपयोग तबकडी किंवा चित्रपट तयार करण्यापुरताच मर्यादित होता.

ती जाणवली कॅसेटच्या युगात. १९८० च्या दशकात कॅसेटचे उत्पादन स्वस्त झाले आणि भक्तिगीते, लोकगीते, भीमगीते, लावण्या यांना मोठी बाजारपेठ मिळाली. मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर पडून प्रादेशिक आवाजांना वाव मिळाला, ही या युगाची जमेची बाजू होय. याच काळात जुन्या चित्रपटगीतांच्या ‘झंकार’ आवृत्त्या बाजारात आल्या. जुन्या मुद्रणावर नवा ठेका आणि ठळक एको चढवून ही गीते विकली गेली. मूळ गायन वेगळ्या पट्टीवर उपलब्ध नसल्याने नवा थर संपूर्ण मुद्रणावरच चढवावा लागला. टपरी, रिक्षा, एसटी बस आणि लग्नाचा मांडव येथे याच आवृत्त्या वाजत राहिल्याने अनेक श्रोत्यांच्या स्मरणात ही गीते झंकारासहच रुजली. मंडपवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवरील एकोचे बटण आणि भजनी मंडळात ‘एको थोडा वाढवा’ म्हणून होणारी विनंती हीही याच श्रवणसंस्काराची रूपे होत. त्यात निंदा करण्याजोगे काही नाही. तथापि मूळ मुद्रण ज्याच्याजवळ नाही, त्याच्यासाठी संस्कार हेच मूळ होऊन बसते, हा इतिहासाच्या दृष्टीने गंभीर धडा आहे.

घरगुती ध्वनिमुद्रण आणि इंटरफेस

१९९० च्या दशकात या चित्राला कलाटणी मिळाली. १९९२ पासून बाजारात आलेल्या अलेसिस कंपनीच्या एडॅट यंत्रामुळे आठ स्वतंत्र पट्ट्यांवरील अंकीय मुद्रण तुलनेने अल्प खर्चात शक्य झाले. १९९६ साली यूएसबी जोडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही रचना आणली. तिच्यामुळे परिणाम-यंत्रांची कामे संगणकातील आज्ञावलीकडून करून घेता येऊ लागली. १९९७ साली त्याच कंपनीच्या एएसआयओ या रचनेने संगणक आणि इंटरफेस यांतील देवाणघेवाण जलद केली. भारताच्या संदर्भात १९९१ नंतरचे उदारीकरण आणि १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उर्वरित संख्यात्मक निर्बंध उठणे, ही या बदलाची आर्थिक पार्श्वभूमी म्हणता येईल.

आज्ञावलीच जर प्रतिध्वनी निर्माण करू शकते, तर बाहेरचे यंत्र कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याची तीन उत्तरे देता येतात. एक, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळे आणि मंडपवाले यांच्याकडे अशी यंत्रे आधीपासून असतात. नवा खर्च न करता ती उपयोगात येतात. दोन, स्प्रिंग, फीत आणि जुनी अंकीय यंत्रे यांचे दोष हेच त्यांचे व्यक्तिमत्त्व असते. फितीचा किंचित डळमळणारा वेग किंवा स्प्रिंगची खणखण हुबेहूब उतरवणे अवघड असते. तीन, यंत्राची बटणे हाताने फिरवत घेतलेला निर्णय ऐकत ऐकत घेतला जातो. संगीतकाराच्या दृष्टीने ही वादनाचीच एक रीत आहे.

जोडणीची रीत

ही जोडणी कशी केली जाते, हे पाहिल्यास तिच्यातील ऐतिहासिक तत्त्व अधिक स्पष्ट होते. इंटरफेसला किमान चार निर्गम असावे लागतात. पहिले दोन स्पीकरकडे जातात. तिसरा व चौथा बाह्य यंत्राच्या प्रवेशाला जोडले जातात. यंत्राचे निर्गम इंटरफेसच्या रिकाम्या लाइन प्रवेशांत परत येतात. संगणकात गायनाच्या पट्टीवरून एक सेंड काढून ती तिसऱ्या-चौथ्या निर्गमाकडे वळवली जाते आणि परत आलेला आवाज नव्या, स्वतंत्र पट्टीवर मुद्रित केला जातो. बाह्य यंत्रावर मूळ आवाजाचे प्रमाण शून्य आणि संस्कारित आवाजाचे प्रमाण शंभर टक्के ठेवावे लागते. अन्यथा मूळ आवाज दोनदा ऐकू येतो. परतीच्या पट्टीवरून पुन्हा त्याच यंत्राकडे सेंड गेल्यास आवाज चक्राकार फिरत वाढत जातो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी उमटते. हीही दक्षता घ्यावी लागते.

दोनच निर्गम असलेल्या इंटरफेसवरही मार्ग निघतो. डावा निर्गम ऐकण्यासाठी आणि उजवा यंत्रासाठी असा एकेरी आवाजाचा व्यवहार करता येतो, किंवा स्पीकर बंद ठेवून दोन्ही निर्गमांतून गाणे यंत्रात पाठवून केवळ परिणाम मुद्रित करून घेता येतो.

दुसरी बाब संकेताच्या पातळीची. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांची सुमारे ०.३२ व्होल्ट असते. हा फरक जवळजवळ चौपट, म्हणजे सुमारे १२ डेसिबल आहे. व्यावसायिक पातळीचा आवाज घरगुती यंत्रात तसाच सोडल्यास तो फाटतो. उलट दिशेने आवाज क्षीण होऊन खरखर वाढते. गिटारच्या पायपेट्यांचा प्रवेश तर वाद्याच्या क्षीण संकेतासाठी बेतलेला असतो; त्यासाठी मध्ये पातळी आणि रोध जुळवणारी री-अ‍ॅम्प पेटी घ्यावी लागते. परतीचा आवाज मायक्रोफोनच्या प्रवेशात न देता लाइन प्रवेशातच द्यावा लागतो.

तिसरी बाब विजेची. भारतातील वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. अमेरिकेसाठी बनवलेली जुनी यंत्रे योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय लावल्यास जळतात. संगणक आणि यंत्र यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झाल्यास मुद्रणात सततची घरघर येते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावणे आणि संतुलित तारा वापरणे हा त्यावरील पहिला उपाय होय. अर्थिंगची पिन तोडून घरघर थांबवण्याची पद्धत मात्र जिवावर बेतू शकते.

विलंबाचा प्रश्न

अंकीय मंडलात एक नवी अडचण येते, ती विलंबाची. संगणक आवाजाची देवाणघेवाण छोट्या छोट्या गठ्ठ्यांत करतो. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने २५६ नमुन्यांचा एक गठ्ठा भरण्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. आवाज बाहेर जाऊन परत येईपर्यंत किमान असे दोन गठ्ठे होतात, म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद, रूपांतरासाठी लागणारा वेळ वेगळाच. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, हे लक्षात घेतल्यास हा विलंब म्हणजे साडेतीन मीटरांहून अधिक अंतर होय.

‘महल’च्या गीतात गायिकेला जे अंतर पावलांनी चालावे लागले, तसेच अंतर येथे यंत्र नकळत निर्माण करते. रिव्हर्बच्या बाबतीत हा विलंब फारसा खटकत नाही, कारण खऱ्या दालनातही पहिला प्रतिध्वनी थोड्या उशिराच येतो. परंतु संपूर्ण आवाजच यंत्रातून काढून मूळ आवाजात मिसळायचा असेल, तर काही स्वर परस्परांना छेद देतात आणि आवाज पोकळ वाटतो. म्हणून एक लहानसा टकटक आवाज मंडलातून फिरवून विलंब मोजला जातो आणि परतीची पट्टी तेवढी अलीकडे सरकवली जाते. अनेक ध्वनिसंपादन प्रणाली ही मोजणी स्वतः करतात.

दस्तऐवजीकरण आणि नाशिक जिल्हा

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट वारंवार समोर आली. परिणामाची पट्टी स्वतंत्र राहिली, तर निर्णय बदलता येतो. ती मूळ आवाजात मिसळली, तर बदलता येत नाही. चित्रपटगीताच्या बाबतीत हा अभिरुचीचा प्रश्न आहे. लोकपरंपरेच्या बाबतीत मात्र तो पुराव्याचा प्रश्न बनतो.

महाराष्ट्रात या दृष्टीने झालेले मोठे काम म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी उभा केलेला जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प. एक लाखाहून अधिक ओव्या त्यात संकलित झाल्या असून अनेक ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. घरातील जात्याची घरघर, गाणारीचा श्वास, दुसरीने उचललेली ओळ हे सारे त्या मुद्रणांचा भाग आहे. अशा मुद्रणावर ‘गोडवा’ आणण्यासाठी एको चढवला आणि तीच प्रत जतन झाली, तर पुढील अभ्यासकाला त्या घराचा आकार, गाणाऱ्यांतील अंतर, उच्चारातील बारकावे यांपैकी काहीच खात्रीने सांगता येणार नाही.

नाशिक जिल्ह्याचा विचार करता सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांतील कोकणा व इतर आदिवासी समाजांची पावरी, थाळीच्या नादावर सांगितल्या जाणाऱ्या कथा, बोहाड्यातील सोंगांची वाद्ये, तसेच शहरातील मिरवणुकांत घुमणारा नाशिक ढोल हा सारा ध्वनिवारसा आज मोबाइलवर आणि घरगुती इंटरफेसवर मुद्रित होऊ लागला आहे. ही स्वागतार्ह बाब आहे. फाळक्यांच्या काळात नाशिकला जे साधन उपलब्ध नव्हते, ते आज दारी आले आहे. परंतु मुद्रण करणारा तरुण अनेकदा कॅसेट आणि समाजमाध्यमांच्या श्रवणसंस्कारात वाढलेला असतो. मुद्रण सुरू असतानाच रिव्हर्बचे यंत्र मायक्रोफोन आणि इंटरफेस यांच्या मध्ये लावले, तर परिणाम थेट मूळ आवाजात उतरतो आणि मग कोणत्याही उपायाने तो पूर्णपणे वेगळा करता येत नाही. माळावर वाजलेली पावरी चैत्यगृहात वाजल्यासारखी ऐकू येते. कानाला ती भावते, पण ती खोटी साक्ष ठरते.

यावरील उपाय तंत्रज्ञानातच आहे आणि तो जुनाच आहे. यंत्र मायक्रोफोनच्या वाटेत न लावता सेंड-रिटर्नच्या मंडलात लावावे. गायकाला गाताना प्रतिध्वनी ऐकण्याची सवय असेल, तर तो त्याच्या हेडफोनमध्ये द्यावा. पट्टीवर मात्र कोरा आवाजच उतरावा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचे मुद्रण असावे. ही कोरी पट्टी, परिणामाची स्वतंत्र पट्टी आणि वापरलेल्या यंत्राची व त्याच्या मांडणीची लेखी नोंद असे तीन घटक एकत्र ठेवले, तर श्रोत्याला रसपूर्ण प्रत आणि अभ्यासकाला विश्वसनीय प्रत अशा दोन्ही गरजा भागतात. यासाठी लागणारा अधिकचा खर्च म्हणजे केवळ दोन तारा आणि संगणकातील एक रिकामी पट्टी.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. कोणतेही मुद्रण कोरे नसते. मायक्रोफोनची निवड, त्याचे अंतर आणि खोली यांतूनही आवाजावर संस्कार होतोच. हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की टाळता न येणाऱ्या संस्कारांची नोंद ठेवावी आणि टाळता येणारे संस्कार वेगळे ठेवावेत. पोथीच्या संपादनात संपादक मूळ पाठ आणि आपली दुरुस्ती वेगळी दाखवतो. ध्वनीच्या संपादनालाही तोच दंडक लागू करण्यास प्रत्यवाय नसावा.

निष्कर्ष

१. ध्वनिपरिणामाचे पहिले साधन जागा आणि अंतर हे होते. त्यात मूळ आवाज आणि परिणाम अभिन्न होते.

२. प्रतिध्वनीची खोली, पोलादी पत्रा, फीत आणि अंकीय पेटी या क्रमाने परिणाम मूळ आवाजापासून वेगळा झाला. मात्र ही सोय दीर्घकाळ मोठ्या शहरांतील मोजक्या वास्तूंपुरती मर्यादित राहिली.

३. एकत्रित मुद्रणाच्या पद्धतीमुळे ही फारकत अंतिम फितीवर टिकली नाही. झंकार आवृत्त्यांनी तिचा परिणाम श्रोत्यांच्या स्मरणात दाखवून दिला.

४. ऑडिओ इंटरफेसला बाह्य यंत्र सेंड-रिटर्न पद्धतीने जोडल्यास मूळ आवाज आणि परिणाम वेगळे ठेवण्याची क्षमता प्रथमच घरगुती ध्वनिमुद्रकाच्या हाती येते.

५. लोकसंगीत आणि मौखिक इतिहास मुद्रित करणाऱ्या महाविद्यालयीन प्रकल्पांनी कोरी पट्टी जतन करणे हा प्राथमिक नियम मानावा.

‘सेतुबंधन’ला आवाज मागाहून जोडावा लागला, तेव्हा त्या आवाजाचे स्वरूप नाशिकच्या हाती नव्हते. आज नाशिकचा आवाज नाशिकमध्येच मुद्रित होऊ शकतो आणि त्याच्याभोवती कोणती जागा उभी करायची, हेही येथेच ठरवता येते. या स्वातंत्र्याबरोबर एक जबाबदारीही येते. पुढील पिढीला हा निर्णय पुन्हा घेता यावा, यासाठी मूळ आवाज कोरा ठेवून तिच्या स्वाधीन करणे, हीच ती जबाबदारी होय.